देवाच्या डोंगरावर खाणपट्टा आला, तर ग्रामसभेच्या हातात काय असतं?

विचारलेला प्रश्न असा: "आमच्या गावाचा देव ज्या डोंगरावर आहे तो लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात दाखवला आहे. बैठकीत साहेब म्हणाले, देवाची जागा सोडून खोदू, वर पक्कं मंदिरही बांधून देऊ. गावातली पोरं म्हणतात, ओडिशात नियमगिरीला ग्रामसभांनी खाण थांबवली, आपणही ठराव करू. म्हातारी माणसं म्हणतात, देवाला कागदावर आणू नका. ठराव केला की खाण थांबते का?"

भाऊ, नुसत्या ठरावाने थांबत नाही. सामूहिक वनहक्काच्या दाव्यांवर मी बरीच वर्षं गावांसोबत काम करतो आहे. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेले ठराव फायलीत कुठे जाऊन पडतात ते मी पाहिलं आहे. नियमगिरीत जे घडलं ते विरोधाच्या ठरावापेक्षा फार वेगळं होतं. तुमची पोरं त्याचं नाव घेतात हे चांगलंच आहे, पण तिथे नेमकं काय झालं ते नीट समजून घ्या. तुमच्या साहेबांनी जी सूचना केली, "देवाची जागा सोडून खोदू", त्याच मुद्द्यावर ती लढाई लढली आणि जिंकली गेली.

नियमगिरीची डोंगररांग ओडिशात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांत आहे. डोंगरिया कोंध तिथले. डोंगरउतारावर अननस, हळद, आलं, केळी, फणस घेणारी ही माणसं नियमराजाला आपला राजा मानतात आणि डोंगरमाथ्यावरचं झाड तोडत नाहीत. त्या माथ्याखाली सात कोटी टनांहून अधिक बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, आहे. पायथ्याशी लांजीगडला वेदांता कंपनीची वर्षाला दहा लाख टनांची ॲल्युमिना रिफायनरी खाणीची परवानगी मिळायच्या आधीच उभी राहिली, आणि ती साठ लाख टनांपर्यंत वाढवायचा बेत होता. खाणीसाठी सुमारे ६६० हेक्टर वनजमीन हवी होती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून वाट मोकळी केली, त्याच वर्षी केंद्राची तत्त्वतः मंजुरीही आली. तेव्हा बहुतेकांनी धरलं होतं की संपलं सगळं.

मग बाजी पलटली कशी? वनहक्क कायदा २००६ चा, पण नियम जानेवारी २००८ मध्ये लागू झाले. ऑगस्ट २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं: वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची असेल तर आधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे आणि ग्रामसभांची संमती जोडली पाहिजे. नियमगिरीत यातलं काहीच झालेलं नव्हतं. मंत्रालयानेच नेमलेल्या एन. सी. सक्सेना समितीने ते ऑगस्ट २०१० च्या अहवालात मांडलं आणि त्याच महिन्यात जयराम रमेश यांच्या मंत्रालयाने अंतिम मंजुरी नाकारली. ओडिशा सरकारची खाण कंपनी, ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन, सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यावर १८ एप्रिल २०१३ ला निकाल आला.

बाहेर लोकांनी पोस्टर लावली, लंडनपर्यंत निदर्शनं झाली, नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने आणि पुढे चर्च ऑफ इंग्लंडने वेदांतामधले पैसे काढून घेतले. त्या सगळ्याचं वजन होतंच. पण न्यायालयात मुद्दा उभा राहिला तो गावाच्या हक्काचा होता.

त्या निकालातला एक तपशील तुमच्या कामाचा आहे. प्रस्तावित खाणीची जागा होती नियमडोंगर. नियमराजाचं शिखर मानलं जाणारं हुंडालजळीजवळचं ठिकाण तिथून सुमारे दहा किलोमीटरवर. म्हणजे खाणवाल्यांच्या बाजूने युक्तिवाद सोपा होता: देव तिकडे, खाण इकडे, देवाला धक्का कुठे लागतो? तुमच्या बैठकीत जे वाक्य आलं ते याचंच धाकटं भावंड. न्यायालयाने यावर स्वतः निवाडा केला नाही. लोकांचे या डोंगरावर धार्मिक हक्क आहेत का, आणि शिखरापासून दहा किलोमीटरवरच्या खाणीने नियमराजाच्या वस्तीला बाधा येते का, हे ग्रामसभाच तपासतील, असं सांगितलं. त्यासाठी तीन महिने दिले आणि प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून बसवला. आधार घेतला तो राज्यघटनेच्या धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५ आणि २६ चा, वनहक्क कायद्याचा आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या कलम ४(घ) चा. ते कलम सांगतं की आपल्या चालीरीती, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे.

राज्य सरकारने शंभराहून अधिक गावांतून फक्त बारा निवडली. सात रायगडातली, पाच कालाहांडीतली. यावर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानेही आक्षेप घेतला होता, पण सभा बाराच झाल्या. १८ जुलै २०१३ ला सेरकपाडीपासून सुरुवात, १९ ऑगस्टला जरपाला शेवट. भर पावसात, पोलिसांच्या वेढ्यात. जरपा म्हणजे जेमतेम डझन-दीड डझन मतदारांचं गाव. माणसं आपल्या भाषेत बोलली, न्यायाधीशांसमोर ते नोंदवलं गेलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला.

अधिकाऱ्यांनी पूजेच्या जागा तुकड्यातुकड्यांनी मोजून आणल्या होत्या. इथे एवढी जागा देवाची, तिथे तेवढी. ग्रामसभांनी ती मोजणी मान्य केली नाही. त्यांचं म्हणणं होतं की नियमराजा कुठल्या एका दगडात राहत नाही, अख्खी रांग त्याची, झरे त्याचे, माथ्यावरचं रान त्याचं, आणि त्याच्या नियमाने आम्ही जगतो. एखाद्या गावाने जरी "ठीक आहे, ही दोन एकर सोडा" असं म्हटलं असतं, तर पुढचं सगळं अवघड झालं असतं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रकल्प नाकारला. २०१६ मध्ये ओडिशाच्या बाजूने पुन्हा ग्रामसभा घ्यायची मागणी झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

म्हणून माझं ठाम मत आहे की देवाची हद्द गावाने आखली पाहिजे, आणि ती खाणवाला आखून देण्याआधी आखली पाहिजे. पक्क्या मंदिराची भाषा कुणी काढली की समजा, समोरच्याने देवाला चार भिंतींत बसवायला घेतलं आहे. एकदा मंदिर बांधलं की देवाची जागा तेवढीच, असं नकाशावर लिहिलं जातं. म्हणून मंदिराला होकार देऊ नका. गावाने पूर्वी स्वतःहून काही बांधलं असेल तर तेही "देवाचं एक ठाणं" असंच नोंदवा. त्यापलीकडचा डोंगर त्यातून वगळला जाता कामा नये.

आता तुमच्याकडे काय करता येईल ते सांगतो. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे आणि डोंगर वनखात्याच्या कक्षात (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यात) येतो असं धरून चाललो आहे.

एक गैरसमज आधी दूर करतो. पेसामधली गौण खनिजांची तरतूद तुमच्या मदतीला येणार नाही. वाळू, मुरूम, दगड यांसाठी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे. लोहखनिज आणि बॉक्साइट प्रमुख खनिजांत येतात. मी अशी गावं पाहिली आहेत जी वर्षभर चुकीच्या कलमावर भांडत बसली. तुमची पकड वनहक्क कायद्यात आहे: कलम ३(१)(झ), म्हणजे सामूहिक वनसंसाधनाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, आणि कलम ५, ज्यात सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या कृतींपासून आपला परिसर वाचवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तुमचा सामूहिक दावा मंजूर झाला आहे का? झाला असेल तर मिळालेल्या हक्कपत्रात तो डोंगर आहे का, कक्ष क्रमांकासकट बघा. खाणीचा भाग हक्कपत्रातून गुपचूप वगळलेला असतो, आणि गाव हक्कपत्र मिळाल्याच्या आनंदात नकाशा उघडून बघत नाही. वगळला असेल तर अपील करा. महाराष्ट्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय स्तरावर दाद मागता येते.

दावाच झाला नसेल तर उद्यापासून सुरू करा. आणि सगळ्यात जास्त वेळ पुराव्याला द्या.

वनहक्क नियमांतला नियम १३ काढून बघा. सामूहिक हक्कासाठी कोणते पुरावे चालतात त्यात पवित्र झाडं, देवराया, तळी, नदीकाठ, दफन-दहनाच्या जागा, जुन्या बांधकामांचे अवशेष, पाण्याचे स्रोत, कंदमुळं-रानभाज्या गोळा करायच्या जागा, गुरं चारायच्या जागा हे सगळं स्पष्ट लिहिलं आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. एकाहून अधिक पुरावे लागतात. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात जे आहे ते कायद्याने पुरावा आहे. ते कागदावर उतरवायचं काम तेवढं बाकी आहे.

हद्द फिरणं हा या कामाचा गाभा. माडिया गावात असाल तर पेरमा आणि गायता पुढे, इतर ठिकाणी भुमका किंवा जो कोणी देवाचं करतो तो. मागून मोबाईल घेऊन दोन-तीन पोरं. पेरमा जिथे थांबून सांगेल, "इथून पुढे चप्पल घालून जात नाही", तिथे एक बिंदू टिपायचा. जिथे सांगेल, "या झाडाला कुऱ्हाड लावत नाही", तिथे दुसरा. जिथे पंडुमच्या, म्हणजे नव्या फळाच्या सणाच्या, आधी नवं फळ तोडत नाहीत, जिथून पूजेचं पाणी आणतात, यात्रेत शेजारच्या गावांचे देव ज्या वाटेने येतात ती वाट, देव जिथे विसावतो ती जागा. हे सगळे बिंदू जोडले की देवाची हद्द उभी राहते, आणि बहुतेक वेळा ती खाणपट्ट्याच्या रेषेपेक्षा कितीतरी मोठी निघते. एका गावात आम्ही असे फिरलो तेव्हा पुजारी आम्हाला देवाच्या ठाण्यापासून बऱ्याच खाली, ओढ्याच्या उगमापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, इथलं पाणी आटलं की वरचा देव निघून जातो. त्या एका वाक्याने उगमापासून माथ्यापर्यंतचा सगळा उतार दाव्यात आला. तोपर्यंत गावाने फक्त माथाच मागितला होता.

शेजारच्या गावांना बोलवा. देव क्वचितच एका गावाचा असतो. ज्या गावांचे देव तुमच्या डोंगराला भेटायला येतात त्या प्रत्येक ग्रामसभेने आपापल्या ठरावात तुमच्या डोंगराचा उल्लेख केला पाहिजे: कोणत्या महिन्यात येतो, कोणत्या वाटेने येतो, काय करतो. नियमगिरीत बाराच गावं निवडली गेली, तुमच्याकडे प्रशासन आणखी कमी निवडेल. उरलेल्या गावांचे ठराव आधीच दप्तरी दाखल असतील तर त्यांना वगळणं अवघड होतं.

तुम्ही माडिया, कोलाम किंवा कातकरी असाल तर आणखी एक दार उघडं आहे. हे तिन्ही महाराष्ट्रातले विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत आणि कलम ३(१)(ङ) खाली त्यांना अधिवासाचा हक्क मागता येतो. तो गावाच्या शिवेपुरता नसतो, सगळ्या परंपरागत इलाक्याचा असतो. देवाच्या डोंगरासाठी याहून योग्य कलम नाही. हे काम वेळखाऊ आहे, पण सुरू तरी करा.

ग्रामसभा घेताना गणपूर्ती सांभाळा: निम्मे सदस्य हजर, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया, आणि दाव्यावरचा ठराव असेल तर निम्मे दावेदार. ग्रामपंचायतीच्या सभेत गावाचा आवाज हरवतो, म्हणून सभा तुमच्या गावाची किंवा पाड्याची असू द्या. माझा अनुभव आहे की बाया बोलल्या की इतिवृत्तात पाणी, लाकूड, मोह, कंद हे सगळं येतं. पुरुष बोलले की नोकरी आणि मोबदला एवढंच उरतं. इतिवृत्त बोलल्या भाषेत लिहा, गोंडी किंवा माडियातलं देवनागरीत, सोबत मराठी. वही ग्रामसभेच्या ताब्यात ठेवा, सचिवाच्या घरी नको.

वहीबद्दल एवढं का बोलतो आहे? छत्तीसगडच्या दंतेवाडात बैलाडिलाचा डिपॉझिट १३ नावाचा डोंगर आहे. तिथले लोक त्याला नंदराजाचा डोंगर मानतात. त्याच्या खाणीला हिरोली गावच्या ग्रामसभेने २०१४ मध्ये संमती दिली असा कागद होता. गावकरी म्हणाले, अशी सभा झालीच नाही. जून २०१९ मध्ये हजारो आदिवासी किरंदुलला येऊन बसले, तेव्हा काम थांबवून त्या ग्रामसभेच्या चौकशीचे आदेश निघाले. नियमगिरीच्याच शेजारी सिजिमाळीवर, तिजराजाच्या डोंगरावर, हाच आरोप आता पुन्हा होतो आहे: डिसेंबर २०२३ मधल्या ग्रामसभांचे ठराव बनावट आहेत असं गावं सांगताहेत. म्हणून परिवेश पोर्टलवर (वन आणि पर्यावरण मंजुऱ्यांच्या केंद्राच्या संकेतस्थळावर) तुमच्या खाणपट्ट्याचा प्रस्ताव आजच शोधा, त्यात तुमच्या गावाच्या नावाने कोणता ठराव जोडला आहे ते बघा, आणि माहितीच्या अधिकारात त्याची प्रमाणित प्रत मागा. खोटा ठराव खोदकाम सुरू व्हायच्या आधी सापडला तर गावाच्या हातात पुष्कळ असतं. नंतर सापडला तर फक्त खटला उरतो.

पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीची नोटीस आली तर जरूर जा, लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. पण तिला ग्रामसभा समजू नका. तिथे मत नोंदवलं जातं, संमती मागितली जात नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची २०२२ ची सुनावणी डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, गडचिरोली शहरात झाली.

सुरजागडचा विषय निघालाच आहे तर तो टाळून चालणार नाही, कारण तुम्ही विचारणार: नियमगिरीला थांबली, मग सुरजागडला का नाही? एटापल्लीतला हा डोंगर ठाकूरदेवाचा. सत्तर गावांचा इलाका जानेवारीत तिथे यात्रेला जमतो. इंग्रजांशी लढून १८५८ मध्ये चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाकेंची आठवणही लोक त्या डोंगराशी जोडून सांगतात. तिथला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ चा आहे, वनहक्क कायदा लागू व्हायच्या आधीचा. गावांचे दावे उभे राहीपर्यंत कागद पुढे निघून गेले होते. आज तिथे खोदकाम चालू आहे, आणि २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत वाढवायला मंजुरी मिळाली आहे. त्याच वर्षी तोडगट्ट्याला गावं कित्येक महिने ठिय्या देऊन बसली होती. त्यांची श्रद्धा डोंगरियांपेक्षा कमी होती असं कुणी म्हणू नये. वेळ आणि कागद त्यांच्या बाजूने नव्हते, हा मोठा फरक. सगळा फरक एवढाच होता असंही मी म्हणणार नाही. बंदुकीच्या सावलीत ग्रामसभा घेणं काय असतं ते गडचिरोलीतली माणसंच जाणोत.

कायद्याची हवाही २०१३ सारखी राहिलेली नाही. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता करून घ्यायची जबाबदारी राज्यावर सोपवली आणि केंद्र त्याआधीच मंजुरी देऊ शकेल अशी रचना केली. वनहक्क कायदा जागेवर आहे, नियमगिरीचा निकालही जागेवर आहे, पण पूर्वी दिल्लीत जी एक तपासणी व्हायची ती आता गावाला मुंबईत आणि जिल्ह्यात मागून घ्यावी लागते. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना आत्ताच लेखी कळवा: आमचा दावा प्रलंबित आहे, कलम ४(५) प्रमाणे तो निकाली निघेपर्यंत आम्हाला या जमिनीवरून हलवता येत नाही, आणि ग्रामसभेची संमती दिलेली नाही. प्रत आदिवासी विकास विभागाला, वनविभागाला आणि राज्यपालांच्या कार्यालयाला.

विरोध करणाऱ्यावर शिक्का मारला जाईल, त्याचीही तयारी ठेवा. नियमगिरी सुरक्षा समितीने लढा न्यायालयातून आणि ग्रामसभेतून जिंकला, तरी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात तिच्यावर माओवाद्यांशी संबंध असल्याचा ठपका आला. म्हणून प्रत्येक पाऊल ग्रामसभेच्या नावाने, सह्या-अंगठ्यांसह उचला. एकट्या-दुकट्या पोराच्या नावाने पत्र पाठवू नका. पोरगा चार दिवसांत पोलीस ठाण्यात सापडतो, ग्रामसभा सापडत नाही.

आता म्हाताऱ्यांचं म्हणणं: देवाला कागदावर आणू नका. मला ते मनापासून पटतं, आणि तरीही मी दावा करायलाच सांगतो. दाव्यासाठी देवाची गोष्ट लागत नाही. देवाचं खरं नाव, मंत्र, कोणत्या रात्री काय करतात, कोण कोणाचा भाऊ, यातलं काहीही साहेबाला द्यायची गरज नाही. कायद्याला लागतं ते एवढंच: कुठून कुठपर्यंत, काय करायला मनाई आहे, वर्षातून केव्हा जातो, कोणकोणती गावं येतात, पाणी कुठून येतं. बाकी सगळं गोटुलात राहू द्या. काय लिहायचं आणि काय नाही हे पोरांनी ठरवू नये. म्हातारे ठरवतील, पोरं लिहितील. हद्द फिरायच्या आदल्या रात्री हे बसून ठरवा आणि पेरमा जिथे म्हणेल "हे लिहू नको", तिथे मोबाईल खिशात गेला पाहिजे. हा शब्द आधी दिलात तर म्हातारी माणसं तुमच्याबरोबर डोंगर चढतील.

पाऊस सुरू व्हायच्या आत हद्द फिरून घ्या, रान दाट झालं की जुन्या खुणा सापडत नाहीत. तेंदूच्या हंगामात सभा ठेवू नका, निम्मं गाव रानात असतं आणि गणपूर्ती मोडते. दावा दाखल केलात की पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का बघा, आणि तिच्या प्रती किमान तीन घरांत ठेवा.